भयाचे दान

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुधा वाहिनीला दोन फाटे फुटतात तिथे, कमकुवत होते आणि आतल्या रक्ताच्या दाबाने बाहेर फुगते. वैद्यकात या फुगवट्याला ॲन्युरिझम म्हणतात, पुस्तकी मराठीत धमनीविस्फार. घरगुती बोलीत मात्र त्याला नावच नाही. तो फुटला की मग लोक म्हणतात, डोक्यातली नस फुटली, किंवा ब्रेन हॅमरेज झाले. फुटण्याआधीच्या अवस्थेला शब्द नाही, कारण त्या अवस्थेत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांचा एकत्र हिशेब २०११ मध्ये मांडला गेला. त्यानुसार प्रौढांत शंभरांमागे सुमारे तिघे असा फुगा डोक्यात घेऊन वावरत असतात. त्यांतल्या बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही आणि ते दुसऱ्याच कशाने तरी मरतात. ज्यांचा फुटतो त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास दगावतात. वाचलेल्यांपैकीही पुष्कळांची स्मृती, वाचा, चाल किंवा स्वभाव पूर्वीसारखा राहत नाही.

या आजाराविषयी जागृती करण्यासाठी आणि संशोधनाला पैसा उभा करण्यासाठी सार्वजनिक कार्यक्रम भरवण्याची रीत मुख्यतः अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९४ मध्ये ब्रेन ॲन्युरिझम फाउंडेशन ही संस्था निघाली. सप्टेंबर हा तिथे या आजाराच्या जागृतीचा महिना मानला जातो. बेसबॉलमधला नामांकित पिचर जो नीक्रो २७ ऑक्टोबर २००६ रोजी ६१व्या वर्षी याच आजाराने गेला. त्याच्या मुलीने त्याच्या नावाने संस्था काढली आणि निधीसाठी भरणाऱ्या मेजवानीला ‘नकल बॉल’ असे नाव दिले. हवेत डगमगत जाणारा नकलबॉल ही नीक्रोची ओळख होती आणि इंग्रजीत बॉल म्हणजे नाचगाण्याची मेजवानीही. शोकातून असा शब्दखेळ काढणे मराठी मनाला थोडे अवघड वाटेल, पण या कार्यक्रमांचा स्वभाव त्यात नेमका दिसतो. एरवीचा साचा साधा असतो. रविवारची सकाळ, गावची बाग किंवा तळ्याकाठचा रस्ता, पाच किलोमीटरची चाल. गेलेल्या माणसाचे नाव छापलेले टी-शर्ट घालून त्याचे अख्खे कुटुंब येते. प्रत्येक चालणाऱ्यामागे मित्र आणि नातेवाईक काही रक्कम कबूल करतात. कडेच्या तंबूत रक्तदाब मोजून मिळतो आणि जाताना हातात एक पत्रक पडते.

पैसा गोळा होतो ही या कार्यक्रमांची एक बाजू. दुसऱ्या बाजूला काहीतरी वाटलेही जाते, आणि तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने तीच बाजू अवघड आहे. पत्रक घेणारा माणूस आला तेव्हा स्वतःच्या समजुतीने धडधाकट होता. घरी जातो तेव्हा त्याला कळलेले असते की शंभरांत सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो, तो कोणाच्या डोक्यात आहे हे बाहेरून दिसत नाही आणि फुटला तर हाताशी फार थोडा वेळ उरतो. ज्याने त्याचे काहीही घेतले नाही, उलट मोफत रक्तदाब मोजून दिला, त्यानेच त्याच्या पदरात एक भय टाकले. तंबाखू किंवा मधुमेह यांविषयीच्या मोहिमांतही भय असते, पण तिथे भयाबरोबर करण्यासारखे कामही मिळते. ॲन्युरिझमच्या बाबतीत धूम्रपान सोडणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे एवढे केले की सामान्य माणसाच्या हातातले संपते. ते दोन्ही केलेल्यांनाही हा आजार गाठतो. मग भय देणे हे दान म्हणता येईल का?

भारतीय दानविचारात या प्रश्नाची अडचण अधिक टोकदार होते, कारण तिथे फार वरच्या पायरीवर ठेवलेले दान नेमके उलटे आहे: अभयदान. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांची यादी सुरू होते ती अभयापासून. जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली जातात. संन्यास घेणारा सर्व भूतांना अभय देऊन घराबाहेर पडतो. पाली अंगुत्तर निकायातल्या एका सुत्तात पंचशीलांनाच पाच महादाने म्हटले आहे: हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहणारा माणूस असंख्य जीवांना भयमुक्ती देतो. उजवा तळवा समोर धरलेली अभयमुद्रा तर देवळात आणि विहारात सारखीच ओळखीची आहे.

या सगळ्या ठिकाणी अभय देण्याची रीत मात्र एकच आहे. देणारा स्वतःपासूनचे भय काढून घेतो. राजा शरणागताला मारत नाही, शीलवान माणूस शेजाऱ्याला लुबाडत नाही, संन्यासी मुंगीलाही इजा करणार नाही असे म्हणतो. भयाचे उगमस्थान देणाऱ्याच्या हातात असते म्हणून त्याला ते आवरता येते. मेंदूतल्या धमनीपासूनचे भय असे कोणालाही मागे घेता येत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसने दुसरा मार्ग सांगितला होता: निसर्ग समजून घ्या, भय आपोआप ओसरेल. वीज ही देवाचा कोप नाही हे कळले की कडकडाटाने माणूस थरथरत नाही. हा मार्गही इथे अर्ध्यावर थांबतो. विजेचे भय ज्ञानाने गेले, फुग्याचे भय ज्ञानानेच आले. १९२७ मध्ये पोर्तुगीज वैद्य एगाश मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र क्ष-किरणांनी काढून दाखवण्याआधी जिवंत माणसाच्या डोक्यातल्या न फुटलेल्या फुग्याची धास्ती बाळगायला फारशी जागाच नव्हती.

बौद्ध विचारात मात्र एक संकल्पना अशी आहे जिच्यामुळे भयाला दानाच्या आसपास जागा मिळू शकते. ती म्हणजे संवेग. मरण, जरा, रोग यांच्या दर्शनाने चित्ताला बसणारा आणि त्याला कामाला लावणारा हादरा म्हणजे संवेग. पाली परंपरेत त्याची जोडी पसाद या शब्दाशी लावलेली आढळते. पसाद म्हणजे निवळलेले, विश्वासाने शांत झालेले मन. नुसता हादरा माणसाला लुळा करतो आणि नुसती शांती त्याला झोपवते. अंगुत्तर निकायात चार घोड्यांचा दृष्टान्त आहे. पहिला चाबकाची सावली पाहूनच सावध होतो. दुसरा केसाला स्पर्श झाल्यावर, तिसरा कातडीला लागल्यावर आणि चौथा हाडापर्यंत पोचल्यावर. माणसांतला पहिला प्रकार म्हणजे अमुक गावात कोणीतरी आजारी पडले किंवा वारले एवढे ऐकूनच ज्याला संवेग होतो. दुसऱ्याला ते डोळ्यांनी पाहावे लागते, तिसऱ्याचे नातलग जावे लागतात आणि चौथा स्वतः वेदनेत सापडल्यावर जागा होतो.

निधीसंकलनाच्या मैदानावर हे चौघेही हजर असतात. चालीचे आयोजन करणारे बहुतेक तिसऱ्या प्रकारचे: बहीण गेली, नवरा गेला, मुलगी गेली, आणि मग संस्था निघाली. मंचावर बोलणारा बचावलेला रुग्ण चौथा. अभिनेत्री एमिलिया क्लार्कला २०११ मध्ये व्यायामशाळेत पहिला रक्तस्राव झाला, दोन वर्षांनी दुसरा फुगा निस्तरावा लागला. २०१९ मध्ये तिने हे जाहीरपणे लिहिले आणि मेंदूच्या इजेनंतरच्या पुनर्वसनासाठी एक संस्था उभी केली. तीही चौथ्या प्रकारातली. मोहिमेची सगळी धडपड आहे ती सहज फिरायला आलेल्या शेजाऱ्याला पहिल्या प्रकारात बसवण्याची, म्हणजे सावलीवरून सावध व्हायला शिकवण्याची.

हे शिकवता येते का, याविषयी मराठी वाचकाच्या ओळखीचा एक वाद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची पारंपरिक कथा नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत ही दृश्ये रोजची आहेत, तेव्हा एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ती त्याने पाहिलीच नसतील हे पटण्यासारखे नाही, असा त्यांचा आक्षेप. इतिहास म्हणून तो बिनतोड आहे. परंपरेचा बचाव करायचा तर एवढेच म्हणता येते की कथेतले पहिले दर्शन डोळ्यांचे नाही. प्रेते पुष्कळ पाहिलेल्या माणसालाही एखाद्या दिवशी एक प्रेत प्रथमच दिसते. माहिती आणि जाणीव यांच्यातले अंतर ते हेच. डोक्यातली नस फुटून माणसे जातात ही माहिती प्रत्येक गल्लीत असते. ‘माझ्या शेजारी बसलेल्या बाईला आत्ता, या क्षणी तेच होत असेल’ ही जाणीव फार थोड्यांना वेळेवर होते.

इथून दोन भये वेगळी करावी लागतात, कारण सगळा निवाडा त्यांच्या भेदावर उभा आहे. एक भय लक्षणाचे. अचानक सुरू होऊन काही क्षणांत शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी; तिच्याबरोबर मान आखडणे, ओकारी, उजेड सहन न होणे, एक पापणी खाली येणे, दोन-दोन दिसणे, शुद्ध हरपणे. वीज कोसळावी तशी डोकेदुखी, असे तिचे वर्णन वैद्यकात केले जाते. या भयाला विषय आहे, वेळ आहे आणि त्याला उत्तरही आहे: ताबडतोब मोठ्या रुग्णालयात नेणे आणि डोक्याचा सीटी स्कॅन करणे. दुसरे भय अवस्थेचे. आपल्या डोक्यात फुगा असेल का, असला तर केव्हा फुटेल? या भयाला ना वेळ ना हद्द. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर याने १९२७ च्या ‘असणे आणि काळ’ या ग्रंथात भीती आणि घोर यांत असाच भेद केला: भीती कशाची तरी असते, घोर कशाचाच नसतो आणि म्हणून सगळीकडे पसरतो. त्याच्या लेखी घोर माणसाला खऱ्या अस्तित्वाकडे नेणारा होता. आरोग्याच्या तंबूत तो नेत नाही, तो माणसाला फक्त तपासणीच्या रांगेत उभे करतो.

पहिल्या भयाची किंमत काय हे एका अभ्यासावरून कळते. अमेरिकेत ४८२ रुग्णांच्या पाहणीचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ टक्के रुग्णांचे पहिले निदान चुकले होते. चुकीच्या निदानांत सर्वांत जास्त वेळा आढळले ते अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी, आणि सर्वांत वारंवार घडलेली चूक म्हणजे सीटी स्कॅन न करणे. चूक सर्वांत महाग पडली ती शुद्धीवर असलेल्या, चालत-बोलत आलेल्या रुग्णांना, म्हणजे ज्यांना वाचवणे सर्वांत शक्य होते त्यांनाच. अशा ठिकाणी ‘ही डोकेदुखी नेहमीची नाही’ असे ठामपणे सांगणारा एक नातेवाईक बरोबर असणे मोलाचे ठरते.

दुसऱ्या भयाचे माप वेगळेच निघते. न फुटलेल्या फुग्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. मेंदूच्या पुढच्या बाजूच्या वाहिन्यांवर ७ मिलिमीटरहून लहान फुगा असलेल्या आणि पूर्वी कधी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांच्या गटात पाच वर्षांत एकाचाही फुगा फुटला नाही. मोठ्या फुग्यांचा आणि मागच्या बाजूच्या वाहिन्यांवरच्या फुग्यांचा धोका मात्र बराच होता. उलट उपचारही बिनधोक नाहीत. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये पहिल्यांदा फुग्याच्या मानेला चिमटा लावला. १९९० पासून इटालियन वैद्य ग्वीदो ग्युल्येल्मी यांच्या पद्धतीने कवटी न उघडता रक्तवाहिनीतून प्लॅटिनमची बारीक गुंडाळी आत सोडता येऊ लागली. दोन्ही उपायांत काही टक्के रुग्णांना पक्षाघात किंवा मृत्यू येतो. लहान फुग्याच्या बाबतीत म्हणून पुष्कळदा सल्ला मिळतो तो पाहत राहण्याचा. जपानमध्ये धडधाकट माणसांनी पैसे भरून मेंदूची एमआरआय तपासणी करून घेण्याची ‘ब्रेन डॉक’ नावाची पद्धत १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली. तिथल्या ५,७२० रुग्णांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, फुगा फुटण्याचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याहून किंचित कमी निघाले. त्यांतल्या बहुसंख्यांचा फुगा काही त्रास नसताना सापडला होता. सकाळपर्यंत जे निरोगी होते ते संध्याकाळी रुग्ण झाले, आणि त्यांच्यापैकी अनेकांना करण्यासारखे काही नव्हते.

असे ज्ञान परत करता येत नाही. म्हणूनच युरोपातल्या १९९७ च्या ओव्हिएदो करारात माणसाच्या स्वतःच्या आरोग्याविषयी जाणण्याच्या हक्काशेजारी न जाणण्याची इच्छाही मान्य केली आहे. दवाखान्यात डॉक्टर विचारू शकतो की तुम्हाला कळून घ्यायचे आहे का. मैदानावरचा कर्णा विचारू शकत नाही. तो बोलला की सगळ्यांनी ऐकले. ज्याला नकार देण्याची सोय नाही अशा श्रोत्यापुढे बोलणाऱ्यावर त्यामुळे जास्त संयमाचे बंधन येते, आणि न्याय्य वाटते ते असे की सार्वजनिक ठिकाणी लक्षण सांगावे, अवस्थेचा घोर वाटू नये. ‘तुमच्या डोक्यात टाइमबॉम्ब आहे’ या धर्तीच्या घोषणा पैसे जमवायला उपयोगी पडत असतील. दानाच्या कसोटीवर त्या उतरत नाहीत.

पण लक्षणाचे भय तरी दान का मानावे? ते देणाऱ्याच्या मनातून काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याच्या मनावर भार पडतो. याचे उत्तर या आजाराच्याच स्वरूपात आहे. ज्याचा फुगा फुटतो तो त्या वेळी गोंधळलेला, ओकत असलेला किंवा बेशुद्ध असतो. पत्रकावर वाचलेले त्याला आठवेल याची खात्री नाही. आठवायचे असते ते शेजारच्याला: नवऱ्याला, वर्गशिक्षिकेला, गाडीतल्या सहप्रवाशाला. म्हणजे पत्रक ज्याच्या हातात पडते त्याच्यासाठी ते बहुधा नसतेच. त्याच्याकडून मागितलेले भय स्वतःच्या डोक्याबद्दलचे नाही, दुसऱ्याच्या डोक्याबद्दलचे आहे. तत्त्वज्ञ हान्स योनास याने १९७९ मध्ये जबाबदारीच्या तत्त्वावर लिहिताना भयाला शोधाचे साधन म्हटले होते, आणि त्याच्या मनातले भय स्वतःच्या जिवाचे नव्हते, अजून जन्माला न आलेल्यांच्या जिवाचे होते. परक्यासाठी बाळगलेले भय हे कर्तव्य असू शकते. स्वतःसाठी बाळगलेले भय फार तर शहाणपण असते.

मराठीत ‘जागृती’ आणि ‘जागरूकता’ हे शब्द सभांच्या फलकांवर झिजून गुळगुळीत झाले आहेत, पण त्यांच्याच कुळातला एक जुना शब्द अजून धारदार आहे. गावात रात्री गस्त घालणाऱ्याला जागल्या म्हणत. जागल्याने जागायचे ते इतरांनी निर्धास्त झोपावे म्हणून. चोराचे भय तो एकटा वाहतो आणि गावाला अभय मिळते. अभयदानाचा हा दुसरा प्रकार शास्त्रांच्या यादीत नाही, तरी व्यवहारात नेहमी चालत आला. त्याची काळी बाजूही विसरता येत नाही. जागरणाचे ते काम महार, रामोशी अशा समाजांवर पिढ्यान्‌पिढ्या लादलेले होते. गावाचे अभय काहींच्या झोपेतून काढून घेतलेले होते आणि त्याला दान म्हणणे लबाडीचे ठरेल. या जुन्या गस्तीवरून नव्या मोहिमेची एक कसोटी मिळते. एकट्या शोकग्रस्त कुटुंबाने जन्मभर भय वाहायचे आणि बाकीच्यांनी टी-शर्ट घेऊन घरी जायचे, अशी वाटणी झाली तर तीही अन्यायाची. शेकडो लोकांनी प्रत्येकी थोडेसे भय, एका लक्षणापुरते, वाटून घेतले तर कोणाचीच झोप उडत नाही आणि पाळत मात्र राहते. ‘सामुदायिक’ या विशेषणाला या कार्यक्रमांत खरा अर्थ असेल तर तो इथे आहे. सगळे मिळून चालले म्हणून कार्यक्रम सामुदायिक होत नाही.

या सगळ्यावर दैववादी आक्षेप येतोच. ज्याची वेळ भरली तो जाणार, मग पत्रके कशाला? मराठी म्हण या बाबतीत आक्षेपकांपेक्षा चतुर आहे: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. तिने वाचलेल्याचेही स्पष्टीकरण दैवानेच देऊन टाकले. मात्र चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश हाच प्रश्न गुरू आत्रेयांना विचारतो, की आयुष्याची मर्यादा ठरलेली असते की नाही. उत्तर असे की सगळ्यांचे आयुष्य ठरलेलेच असते तर औषधे, पथ्य, शांतिकर्मे कोणी केलीच नसती आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोणी बाजूला झाले नसते. पुढे गाडीच्या आसाचा दृष्टान्त येतो. चांगला आस यथाकाळ झिजून संपतो, ते कालमरण. तोच आस जादा ओझ्याने, खडबडीत रस्त्याने किंवा वंगणाअभावी मध्येच मोडतो, ते अकालमरण. धमनीच्या फुग्याला हा दृष्टान्त चपखल बसतो असे वाटेल, आणि रक्तदाब व तंबाखूपुरता तो बसतोही. पण कौटुंबिक कल असलेल्या, व्यसन नसलेल्या तरुणीच्या बाबतीत आस मुळातच कमकुवत असतो. चरकाच्या भाषेत तिथे दैव आणि पुरुषकार यांच्या बलाबलाचा प्रश्न येतो. मोहिमेला पुरुषकाराची बाजू घेणे भागच आहे, फक्त तिने आपले बळ वाढवून सांगू नये.

वाढवून सांगितल्याचा फटका बसतो तो शोकाकुलांना. ‘वेळेवर ओळखले असते तर वाचले असते’ हे वाक्य कर्ण्यावरून अनोळखी माणसाला उद्देशून बोलले जाते, पण ते सर्वांत आधी ऐकतो तो ज्याने त्या रात्री बायकोला डोकेदुखीची गोळी देऊन झोपवले होते. फुगा फुटलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णालयात पोचण्याआधीच जातात. त्यांना कोणतेही पत्रक वाचवू शकले नसते. इतरांतही किती वाचले असते हे एकेका माणसाबाबत सांगता येत नाही. धर्मशास्त्राने नकळत घडलेल्याला वेगळे मोजले आणि न्यायशास्त्रानेही. मन मात्र तसे मोजत नाही. ज्या ज्ञानाची आज सोय झाली ते काल नव्हते, म्हणून कालच्या माणसाला दोषी धरता येत नाही, हे तत्त्वतः सोपे उत्तर आहे. अडचण अशी की जागृतीचा प्रत्येक शब्द ते उत्तर पुसत जातो, कारण तिचा सगळा आग्रह ‘हे प्रत्येकाला ठाऊक असायला हवे’ असा असतो.

या जखमेवर त्या मैदानावर मिळणारा उपाय भाषणांतून येत नाही. बौद्ध कथेतली किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन, जिथे कोणी मेले नाही अशा घरची मोहरी मागत दारोदार फिरली आणि तसे एकही घर तिला सापडले नाही. चालीच्या सकाळी कोणाला फिरावे लागत नाही, सगळी घरे एका जागी आलेली असतात. शर्टांवरची नावे हीच यादी. गेलेल्याच्या नावाने दान देण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. देवळाच्या पायऱ्यांवर, बसथांब्याच्या बाकांवर, शाळेच्या पंख्यांवर ‘स्मरणार्थ’ रंगवलेले असते. श्राद्धात देणारा एक, घेणारा दुसरा आणि पुण्य पोचायचे ते तिसऱ्याला. बौद्ध देशांतही दान करून त्याचे पुण्य मृतांना वाहण्याची प्रथा आहे. निधीसंकलनाची चाल या त्रिकोणी दानाचीच बहीण म्हणता येईल.

पैशाविषयी दोन आक्षेप नेहमी घेतले जातात आणि दोन्ही थोडक्यात निपटता येतात. पीटर सिंगर याने १९७२ मध्ये ‘दुष्काळ, संपन्नता आणि नीती’ या निबंधात मांडले की मदत देताना जवळ-दूर, आपले-परके हे भेद नैतिकदृष्ट्या गैरलागू आहेत. त्या हिशेबाने आपल्या घरातला आजार म्हणून एकाच आजाराला पैसा देणे हे पक्षपाताचे, कारण तेवढ्याच रकमेत हिवतापापासून जास्त मुले वाचतील. गणित बरोबर आहे. पण शोकातून दिलेला पैसा दुसरीकडे वळवता येईल असा तयार साठा नसतो. तो त्या शोकाशिवाय निघालाच नसता. दुसरा आक्षेप गाजावाजाचा. गीतेने सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा धरून दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, आणि जमा रकमेचे फलक, बक्षिसे, छायाचित्रे यांत रजोगुण भरपूर दिसतो. तरीही गंमत अशी की हे दान नको म्हटले तरी गुप्त राहते. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्यांत फार वरची पायरी दिली ती देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत अशा दानाला. पत्रकामुळे वेळेवर रुग्णालयात पोचलेला माणूस पत्रक कोणाच्या पैशाने छापले ते विचारत नाही. त्याचे लक्षण ओळखणाऱ्या सहप्रवाशालाही ते आठवत नसते.

राहतो तो लक्षण आणि अवस्था यांच्या सीमेवरचा एक गट, ज्याला वरची विभागणी पुरत नाही: त्या मैदानावर जमलेली खुद्द नातलग मंडळी. आईवडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना किंवा अधिकांना ॲन्युरिझम झाला असेल तर तपासणी सुचवावी, असे अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वे २०१५ पासून सांगतात. मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्यांनाही हीच सूचना आहे. घरातले एकच माणूस गेले असेल तर अशी सरसकट शिफारस नाही. म्हणजे एकाच रंगाचे शर्ट घालून शेजारी उभ्या असलेल्या दोन घरांतल्या बहिणींना, एकीचे घर एकदा उजाड झालेले आणि दुसरीचे दोनदा, वेगळे सांगावे लागते. पहिलीला अवस्थेच्या घोरापासून वाचवायचे, दुसरीला त्याच अवस्थेकडे नीट पाहायला लावायचे. कर्ण्यावरून दोन्ही एकदम सांगता येत नाही. त्यासाठी तंबूत रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक खुर्ची, घरची हकीकत ऐकून घेणारा एक जाणकार आणि आधी ‘तुम्हाला कळून घ्यायचे आहे का?’ असा प्रश्न लागतो.